उरलेला दम

धर्माजी मुकादमाचा आजार गेला आणि त्याच वर्षी त्याचा दमही गेला. आजार गेल्याचा आनंद अख्ख्या कोंडाण्याच्या बौद्धवाडीनं केला. दम गेल्याचं मात्र त्यानं कुणाला सांगितलंच नाही.

चौऱ्याऐंशी साल होतं. मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात छातीत गाठ निघाली. डॉक्टरांनी कापलं नाही, कोबाल्टचे शेक दिले. सहा आठवडे धर्माजी दवाखान्याजवळच्या धर्मशाळेत पथारी टाकून राहिला आणि रोज सकाळी उघड्या छातीनं त्या मशिनीखाली पडला. छातीवर जांभळ्या शाईनं चौकोन काढला होता, तो पुसायचा नाही असं बजावलं होतं. सहा आठवड्यांनी फोटो काढला. गाठ आटली होती. बिडी तर पहिल्याच दिवशी सुटली होती. माघात तो घरी आला तेव्हा माणसं बघायला आली, कुणी नारळ आणला, कुणी गावठी कोंबडीची अंडी. त्याच्या रेल्वेच्या गँगमधला कोंडीराम म्हणाला, "मुकादम, वाचलास तू. आता शंभर वर्सं मरत नाय तू."

धर्माजी हसला. रेल्वेत त्यानं अठ्ठावीस वर्षं काढली होती. पळसदरीपासून वर घाटात रूळ सांभाळायचं काम. वीस माणसं हाताखाली. खांद्यावर लोखंडी पहार घेऊन चढाला लागला की मागच्या पोरांची दमछाक व्हायची, पण हा बोलत बोलत वर जायचा. आजारामुळं नोकरी निवृत्तीच्या दोन वर्षं आधीच सुटली होती, तरी वाडीत त्याला अजून मुकादमच म्हणत.

चैत्र लागला आणि छाती आवळायला लागली.

आधी वाटलं, अशक्तपणा असेल. मग विहिरीवरून येताना मधेच थांबावं लागलं. मग अंगणातून ओटीवर चढताना. छातीभोवती कुणी चामड्याचा पट्टा बांधलाय आणि रोज एकेक भोक पुढं ओढतंय, असं वाटायचं. कोरडा खोकला सुरू झाला. हवा आत जायची, पण पोचायची नाही. धर्माजीनं मनाशी ओळखलं की ती परत आलीय. गाठ, दुसरं काय. पण हे बोलायचं कसं? ज्यांनी नारळ आणले त्यांना काय सांगायचं? त्यानं विहिरीवर जाणं सोडलं. विहाराच्या चार पायऱ्या चढाव्या लागतात म्हणून वंदनेलाही जाईना. पाठ टेकून झोपवेना तेव्हा भिंतीला गोधडीची वळकटी लावून बसल्या बसल्या डोळे मिटायला लागला.

त्याची बायको चंद्राबाई हे सगळं बघत होती. ती कमी बोलणारी बाई. एका सकाळी ती चुलीपुढं बसली असताना धर्माजी परसातून आला, दाराची चौकट धरली आणि तिथंच उभा राहिला. तोंड उघडं, मानेच्या शिरा ताठ, ओठ निळसर. बोटांनी चौकट इतकी घट्ट धरलेली की सोडवता सोडवेना.

"अवो, काय व्हतंय?"

त्याला उत्तर देता आलं नाही. चंद्राबाईनं त्याला खाली बसवलं, पदरानं वारा घातला. बऱ्याच वेळानं तो म्हणाला, "काय नाय."

"काय नाय कसं?" ती म्हणाली. "पंधरा दिस बघते मी. गौतमला सांगते."

गौतम त्यांचा मुलगा. वीटभट्टीचा टेंपो चालवायचा. दुसऱ्या दिवशी कामावर खाडा करून तो बापाला मुंबईला घेऊन गेला. तरुण डॉक्टरनं नवा फोटो उजेडावर धरला, जुना शेजारी धरला आणि बराच वेळ दोन्ही बघत राहिला. धर्माजीची नजर जमिनीवरच्या फरशीकडं होती.

"गाठ वाढलेली नाही," डॉक्टर म्हणाला.

धर्माजीनं मान वर केली.

"मग हे काय?" गौतमनं विचारलं.

"शेक दिले ना, तिथलं फुप्फुस कडक झालंय. भाजलं की कातडी कशी आखडते, तसं आतून आखडलंय. गोळ्या देतो, थोडा फरक पडेल."

"सगळं जाईल का?"

डॉक्टरनं फोटो खाली ठेवला. "खोटं सांगत नाही. जे आखडलं ते सैल होणार नाही. यांना याच्यासोबत राहायला शिकावं लागेल. एकदम वाढलं, ताप आला, खोकल्यातून रक्त पडलं तर मात्र तसेच निघून या, थांबू नका."

मग त्यानं एका बाईंकडं पाठवलं. त्या श्वास कसा घ्यायचा ते शिकवत. व्हरांड्यात दहा-बारा माणसं बाकावर बसलेली. बाई म्हणाल्या, नाकानं घ्या, ओठांचा चंबू करा आणि हळू सोडा. बाकीचे करायला लागले. धर्माजीनं इकडंतिकडं पाहिलं. वीस माणसांचा मुकादम, परक्या लोकांसमोर चंबू करून फू फू करतोय, हे त्याच्यानं झालं नाही. बाई गर्दीत होत्या. त्यांनी एकदा सांगितलं, कागद हातात दिला आणि पुढच्या माणसाकडं वळल्या.

घरी आल्यावर तो आणखी गप्प झाला. गाठ असती तर निदान काहीतरी शेवट असता. हे जाणारही नाही आणि मारणारही नाही. रोज सकाळी उठायचं आणि रोज हाच पट्टा. तोंड धुताना वाकलं की धाप. सदरा घालताना हात वर केले की धाप. चंद्राबाईनं काही विचारलं तर उत्तराला दम लागतो म्हणून तो मानेनं हो-नाही करायचा आणि तिला वाटायचं, रागावलाय. कधी कधी तो खरंच रागावलेला असायचा.

वैशाखात एकदा भाकरी वाढताना चंद्राबाई म्हणाली, "आक्कांकडं जाऊन या."

धर्माजीचा घास हातातच राहिला.

"तीस वर्सं त्या दम्यात काढली त्यांनी," ती म्हणाली. "त्यांना जे ठावं असंल ते डॉक्टरलाबी नसंल."

धर्माजीनं घास ताटात ठेवला आणि हात धुतला. पण त्या दिवशी दुपारभर तो ओटीवर बसून रस्त्याकडं बघत राहिला.

आक्का म्हणजे त्याची थोरली बहीण भीमाबाई. पुण्याच्या हायवेवरल्या चौक गावाला दिलेली. नवरा काळूराम हायवेला पंक्चर काढायचा. तो वारल्याला दहा वर्षं झाली. त्याच जागेवर भीमाबाई चहाची टपरी चालवत होती. मूलबाळ नव्हतं. आणि बाळंतपणात पहिलं मूल गेलं तेव्हापासून दमा होता. धर्माजीनं तिची धाप शेकडो वेळा पाहिली होती आणि त्याला ती नेहमी अर्धी खोटी वाटली होती. काम आलं की हिची धाप येते, असं तो उघड म्हणायचा.

त्रेसष्ट साली बाप वारला. निरोप चौकला सकाळीच गेला होता. वाडीतल्या म्हाताऱ्यांनी सांगितलं, लेक येतेय, थोडं थांबू. धर्माजी दुपारपर्यंत थांबला, मग म्हणाला, उचला. कर्जतला उतरून भीमाबाई चालत निघाली होती, ऊन डोक्यावर होतं. माणसं मसणातून परत फिरली तेव्हा ती त्यांना वाटेत भेटली, एका पळसाला हात लावून उभी. धर्माजी तिच्यापुढं गेला आणि चारचौघांत म्हणाला, "चालवत नाय तर यायचं कशाला? तुझ्या धापेची वाट बापानं बघायची का?"

तिनं उत्तर दिलं नाही. नुसती बघत राहिली. धर्माजीला तो तिचा ताठा वाटला. त्यानंतर जाणं-येणं राहिलं, लग्नकार्यात जयभीम घातला जायचा, पण भाऊबहीण म्हणून दोन शब्द बोलले नाहीत.

आता ओटीवर बसून त्याला पहिल्यांदा कळलं की तिनं उत्तर का दिलं नव्हतं. तिला बोलताच येत नव्हतं.

चार दिवसांनी गौतमचा टेंपो चौकवरून पनवेलकडं जाणार होता. धर्माजी पुढं केबिनमध्ये बसला. टपरीपासून थोडं अलीकडं, गॅरेजपाशी, गौतमनं त्याला उतरवलं, कारण पुढं ट्रक उभे होते. टपरी वीस पावलांवर. धर्माजी चालायला लागला. बारा पावलं झाली आणि पट्टा आवळला. त्यानं लाकडी बाकडं दिसतंय तिकडं घाईनं आणखी चार पावलं टाकली, मग ताडपत्रीचा बांबू धरला.

भीमाबाई स्टोव्हपुढं बसली होती. वाळकी, पांढऱ्या केसांची, डोळ्यांखाली काळं. ती दचकली नाही, उठलीही नाही. त्याच्याकडं बघून म्हणाली, "बोलू नको. बस. पुढं वाक. कोपरं मांडीवर ठेव."

तो बसला.

"आत घ्यायची धडपड करू नको. आदी भाईर टाक." तिनं बशीत चहा ओतून त्याच्यापुढं धरला. "ह्यो फुंक. पिऊ नको, नुसता फुंक. हळू. सांडला नाय पायजे."

धर्माजी फुंकत राहिला. बशीतल्या चहावर बारीक लाटा उठत होत्या. मुंबईच्या बाईंनी सांगितलेलं तेच होतं, पण इथं चहा फुंकणाऱ्या माणसाकडं कोण बघणार? शेजारी दोन ड्रायव्हर तेच करत होते. हळूहळू खांदे खाली आले. पट्टा सुटला नाही, पण एक भोक मागं आला.

"भरल्या हंड्यात पानी वततोस व्हय?" ती म्हणाली. "आतला शिळा वारा तसाच, आन वर ताजा ढोसतोस. कसा जाईल?"

गौतम आत्याच्या पाया पडला आणि टेंपो घेऊन गेला. धर्माजी आठ दिवस राहणार होता.

शिकवणं असं तिनं काही केलं नाही. ती जशी जगत होती तसं त्याला जगायला लावलं. सकाळी आंघोळ पाटावर बसून, आणि अंग पुसायची घाई नाही, आधी तसंच ओलं बसायचं. काही उचलायचं तर आधी श्वास सोडत उचलायचं. सदरा बसून घालायचा. पोटभर जेवायचं नाही, चार वेळा थोडं थोडं. चालताना बोलायचं नाही, बोलताना चालायचं नाही. मागच्या खोलीपासून नळापर्यंत ती दोनदा थांबायची आणि दर वेळी काहीतरी कारण काढायची. एकदा पदर नीट करायचा, एकदा गॅरेजवाल्याला विचारायचं, पोशा, आज किती गाड्या रं?

"त्याला काय करायचंय गाड्यांचं?" धर्माजीनं विचारलं.

"मला काय करायचंय? थांबायला निमित्त लागतं. लोकं काय बघत नाय रं. पन आपल्याला वाटतं ना बघत्यात म्हनून."

तिसऱ्या दिवशी तो म्हणाला, "आक्का, मला भ्याव वाटतं. धाप लागली का वाटतं, हीच शेवटची."

भीमाबाई कप विसळत होती. "मलाबी वाटतं."

"अजून?"

"दर येळी." तिनं कप पालथा घातला. "भ्याव गेलं का धाप जाती, असं काय नाय. पन भ्यालं का आनखी वाढती. म्हनून मी मोजते. ट्रक मोजते. धा ट्रक गेलं का कमी व्हते. कदी ईस जातात."

असं तीस वर्षं मोजत बसायचं, हे ऐकून धर्माजीला बरं वाटलं नाही. उलट थकल्यासारखं झालं. त्यानं विचार केला, आपण छप्पन्न वर्षांचे. त्यानं रस्त्याकडं पाहिलं. मुंबईकडून पुण्याला, पुण्याहून मुंबईला, गाड्या काही संपत नव्हत्या.

सहाव्या दिवशी, दहा-साडेदहाचा सुमार, गॅरेजात एका ट्रकचं इंजिन खोललेलं होतं ते जोडून झालं आणि पोशानं ते चालू केलं. काळा धूर निघाला. वारा टपरीच्या दिशेनं होता. ताडपत्रीखाली धूर भरला आणि भीमाबाईनं हातातली गाळणी खाली टाकली.

धर्माजीलाही ठसका लागला, पण तिचं वेगळंच होतं. ती दोन्ही हात टेबलावर टेकून वाकली. छातीतून शिट्टी वाजावी तसा आवाज यायला लागला. गळ्याखाली खळगा पडत होता, श्वासागणिक खोल. डोळे विस्फारले होते आणि ते धर्माजीकडं लागले होते. तीच नजर. पळसाखाली होती तीच. ताठा नव्हता त्यात. तेव्हाही नव्हता.

स्टोव्हवर चहा वर यायला लागला. तिनं एक बोट उचलून तिकडं दाखवलं.

धर्माजी उठला. एकदम नाही. आधी श्वास सोडला, मग उठला. स्टोव्ह बारीक केला. थांबला. फळीवरच्या डब्यातून तिची पांढरी गोळी काढली, पाणी दिलं. परत थांबला. मग पोशाला हात करून इंजिन बंद करायला लावलं, कारण ओरडायला दम नव्हता. दोन ड्रायव्हर चहासाठी उभे होते. त्यांच्यासाठी कपात चहा गाळला, पण दोन्ही कप एकदम उचलले नाहीत, एकेक दिला.

त्यातला एक म्हणाला, "बाईंना काय झालं? नाटकासारखं काय करतात?"

धर्माजीनं त्याच्याकडं पाहिलं. उत्तर जवळ होतं, पण ते निघायला वेळ लागला.

"धाप हाय," तो म्हणाला. मधे थांबून पुढचं म्हणाला, "नाटक नाय. बसू द्या तिला."

ड्रायव्हर चहा पिऊन गेले. धर्माजी बहिणीशेजारी बाकड्यावर बसला. दोघं पुढं वाकून, कोपरं मांडीवर. तिची शिट्टी, त्याचा खोकला. ती मोजत होती का ते कळत नव्हतं, म्हणून त्यानंच मोजायला सुरुवात केली. अठरा ट्रक गेल्यावर तिनं पदरानं तोंड पुसलं.

दुपारी गिऱ्हाईक नसतं. भीमाबाई मागच्या खोलीत भिंतीला टेकून बसली होती. धर्माजी दाराशी होता. तो म्हणाला, "आक्का, बाप गेला तवा मी थांबायला पायजे व्हतो."

ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. त्याला वाटलं, ऐकू गेलं नसेल.

"बोललो तेबी चुकलो," तो म्हणाला.

"चुकलास," ती म्हणाली. "बाचं तोंड बघायचं राह्यलं माझं."

"राग हाय अजून?"

तिनं विचार केला. "हाय. नाय म्हनून खोटं सांगू का? पन त्यो रोज काडून बघायला सवड नाय व्हती. मालक गेलं, ही टपरी, हा दमा." मग थोड्या वेळानं म्हणाली, "तुला ही धाप लागली हे ऐकलं तवा मला बरं वाटलं. एक घटकाभर. मंग वाईट वाटलं."

धर्माजीनं मान हलवली. त्याला ते रास्त वाटलं. ती डोळे मिटून पडली. तो दारात बसून राहिला.

आठव्या दिवशी गौतम आला. निघताना भीमाबाईनं भावाच्या हातात गोळ्यांची रिकामी डबी दिली. "तुझ्या गोळ्या यात ठेव, खिशात. डाक्तरकडं जायचं सोडू नको. मी जे सांगितलं त्यानं धाप बरी व्हत नाय. नुसता दिस निघतो."

घरी आल्यावर चंद्राबाईनं पाहिलं, नवरा विहिरीपर्यंत जातोय. वाटेत तीनदा थांबतोय, पण जातोय. एकदा आंब्याच्या फांद्यांवर उरलेले आंबे निरखतो, एकदा कुणाच्या शेळीची चौकशी करतो. पुढच्या पौर्णिमेला तो विहारातही गेला. चार पायऱ्यांना चार थांबे घेतले. वंदना म्हणताना बाकीचे पुढं जायचे, तो एक ओळ सोडून पुढची धरायचा. आणि एक गोष्ट त्यानं चंद्राबाईला सांगितली, जी आधी सांगायला हवी होती. "मी बोललो नाय तर समजू नको रागावलोय. बोलायला दम नसतो."

"मला ठावं हाय," ती म्हणाली. तिला ठाऊक नव्हतं, पण आता झालं.

आषाढात दवाखान्यात जाऊन आला. गाठ वाढलेली नव्हती. फुप्फुस तसंच होतं.

पण सगळे दिवस सारखे नसतात. भाद्रपदात एक दिवस असा उगवला की वारा पडलेला, हवा कोंदट, ढग राजमाचीच्या डोंगरावर बसून राहिलेले. सकाळपासून धर्माजीची छाती आवळत गेली. त्यानं पुढं वाकून पाहिलं. ओठ मिटून श्वास सोडून पाहिला. कोंडाण्यात ट्रक नाहीत, म्हणून त्यानं आढ्याची लाकडं मोजली, कौलं मोजली. काही होईना. गोळी घेतली. दुपार झाली तरी पट्टा तसाच. ताप नव्हता, रक्त नव्हतं. नुसता दम नव्हता. त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ते पुसायलाही हात उचलवेना.

चंद्राबाई चुलीवर भात टाकून आली. त्याच्याकडं पाहून ती त्याच्या पाठीमागं बसली, पाठीला पाठ लावून, पाय पसरून.

"टेका," ती म्हणाली.

तो टेकला.

"आज नाय जमत," तो म्हणाला. इतकंच बोलायला त्याला तीन श्वास लागले.

"नको जमू दे."

"भात," त्यानं हातानं खूण केली.

"लागू दे करपायला."

ती उठली नाही. भात करपला, त्याचा वास घरभर पसरला. तिच्या पाठीचं वरखाली होणं त्याला जाणवत होतं, सावकाश, सारखं. आपला श्वास त्याच्या चालीवर आणायचा तो प्रयत्न करत राहिला. कधी जुळायचा, कधी सुटायचा. दिवस कलायला आला तेव्हा राजमाचीकडून थोडा वारा सुटला आणि पट्टा जरा सैल झाला.

मग चंद्राबाईनं भांड्याच्या वरचा, न करपलेला भात दोन ताटल्यांत काढला आणि वर वालाची आमटी घातली. धर्माजी एक घास घ्यायचा, थांबायचा, मग दुसरा घ्यायचा. ती आपला घास हातात धरून त्याच्यासाठी थांबत होती. जेवण व्हायला अंधार पडायची वेळ आली.